अंगठी उरली, गाव गेले

इंग्रजी विषय घेऊन पदवी परीक्षेला बसणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची आयर्लंडच्या कोळ्यांशी पहिली गाठ पडते ती जे. एम. सिंज यांच्या 'रायडर्स टू द सी' या एकांकिकेत. १९०४ साली डब्लिनमध्ये ती प्रथम रंगमंचावर आली. एका म्हातारीचे सारे मुलगे एकामागून एक समुद्र गिळतो, एवढेच तिचे कथानक. 'नियतीचे स्थान', 'ग्रीक शोकांतिकेशी साम्य', 'निसर्ग आणि मानव' अशी दोन-तीन उत्तरे घटवली की आपले काम भागते. त्या एकांकिकेत एक प्रसंग आहे. दूरच्या किनाऱ्याला लागलेले प्रेत आपल्या भावाचेच का, हे बहिणीला कळते ते त्याच्या मोज्यावरून. तो मोजा तिनेच विणलेला असतो, आणि विणताना चार टाके आपल्या हातून सुटले होते हे तिच्या लक्षात असते.

या चार टाक्यांचे पुढे जे झाले ते सांगण्याजोगे आहे. ज्या ॲरन बेटांवर ही एकांकिका बेतली आहे, तेथील जाडजूड पांढरट स्वेटर पुढे जगभर विकला जाऊ लागला. आणि त्याच्याबरोबर एक कथाही विकली जाऊ लागली. प्रत्येक घराण्याची वीण म्हणे वेगळी असे, आणि बुडालेल्या माणसाचे घराणे त्या विणीवरून ओळखीत! या गोष्टीला पुरावा नाही. तो स्वेटरही काही फार पुरातन नाही, विसाव्या शतकातच त्याला आजचे रूप आले. पण गोष्ट गोड आहे आणि गिऱ्हाइकाला ती आवडते. एका बहिणीच्या हातून सुटलेले टाके ही एका माणसाची आठवण होती. घराण्याची वीण ही दुकानाची आठवण झाली.

मासेमारीचे एखादे गाव नाहीसे झाले म्हणजे त्याची आठवण कोण ठेवतो आणि काय म्हणून ठेवतो, हा प्रश्न मला या टाक्यांवरून सुचला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची दोन गावे मी येथे घेणार आहे. एक क्लाडा, दुसरे ब्लास्केट. दोन्ही गावे आयरिश भाषा बोलणारी, दोन्ही समुद्रावर जगणारी, दोन्ही गरीब, आणि दोन्ही विसाव्या शतकात संपलेली. पण त्यांचे मरणोत्तर आयुष्य अगदी वेगळे झाले.

क्लाडा हे नावच मुळी 'दगडगोट्यांचा किनारा' या अर्थाच्या आयरिश शब्दावरून आले आहे. गॉलवे शहराच्या तटाबाहेर, कॉरिब नदी जेथे समुद्राला मिळते तेथे, हे गाव वसले होते. तटाच्या आत व्यापारी घराण्यांचे शहर, इंग्रजी बोलणारे, स्पेनशी दारूचा व्यापार करणारे. आणि नदीच्या पलीकडच्या काठावर गवताने शाकारलेल्या बैठ्या घरांचा हा पुंजका, मन मानेल तसा वाढलेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे सुमारे तीन हजार माणसे राहत होती, म्हणजे हे काही दहा-वीस झोपड्यांचे पाडे नव्हते. शहराला मासळी पुरवायची ती या गावाने; पण शहराच्या चालीरीतींशी, भाषेशी आणि कित्येकदा कायद्याशीही याचा संबंध बेताचाच.

गावाचा स्वतःचा 'राजा' असे. हा राजा म्हणजे मुकुट घालून बसणारा नव्हे. तो इतरांसारखाच होडी घेऊन समुद्रावर जाई. गावकरीच त्याला निवडीत. भांडणतंटे तो तोडी, कोणत्या दिवशी मासेमारीला निघायचे आणि कोणत्या दिवशी नाही हे त्याच्या शब्दावर ठरे. त्याच्या होडीचे शीड पांढरे, बाकीच्यांची तांबूस-तपकिरी, असे जुने वर्णन सापडते. पुरुषांनी मासळी किनाऱ्याला आणून टाकली की त्यांचे काम संपले. पुढचा सारा व्यवहार बायकांचा. लाल लोकरी घागरा, खांद्यावर शाल आणि पाटी अशा थाटात त्या नदीपलीकडे १५८४ सालच्या जुन्या वेशीपाशी बसून मासळी विकीत आणि पैसाही त्यांच्याच हाती राही. (घरात पैसा कोणाच्या हाती असावा यावर आपल्याकडे जे परिसंवाद झडतात, त्यांत या बायकांना एकदा बोलावले पाहिजे होते.)

त्यांच्या होड्यांनाही एक घराणे आहे. 'गॉलवे हुकर' या नावाने आता त्या ओळखल्या जातात. अंग डांबराने काळे केलेले, पोट फुगीर, शिडे तांबूस. पण हे एकच नाव परक्यांसाठी. आयरिश भाषेत लहानमोठ्या आकारांप्रमाणे आणि शिडाच्या घडणीप्रमाणे चार वेगवेगळी नावे आहेत: 'बाड मोर' म्हणजे मोठी नाव, 'लेबाड' म्हणजे अर्धी नाव, मग 'ग्लोटोग' आणि 'पूकान'. ज्याला या चारांतला फरक दुरून पाहून सांगता येतो तो तेथला माणूस. बाकीचे आपण सारे 'हुकर' म्हणणार.

आता दुष्काळाविषयी. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि पुढची काही वर्षे आयर्लंडमध्ये जो हाहाकार उडाला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच परागंदा झाली. इतिहासाच्या तासाला हे ऐकले की हमखास एक प्रश्न मनात येतो: चहूबाजूंनी समुद्र असताना ही माणसे उपाशी का मेली? मासे का खाल्ले नाहीत? क्लाडामध्ये याचे उत्तर मिळते. कोळी नुसते मासे खाऊन जगत नाही. तो मासे विकून बटाटे घेतो. बटाटे नाहीसे झाले, धान्याचे भाव चढले, तेव्हा घरात विकण्याजोगे किंवा गहाण टाकण्याजोगे काय होते? जाळी होती. ती सावकाराकडे गेली. जाळी गहाण पडल्यावर समुद्र समोर असून नसल्यासारखाच. त्यात हिवाळ्यातला अटलांटिक, मासळी लांब खोल पाण्यात गेलेली, आणि होड्या त्या पाण्यासाठी बांधलेल्या नाहीत. क्वेकर पंथाच्या काही मंडळींनी १८४७ मध्ये हे ओळखले आणि क्लाडाच्या कोळ्यांना जाळी सोडवून घेण्यासाठी कर्जाऊ पैसे दिले. अन्नछत्रे पुष्कळांनी घातली. जाळे सोडवून द्यावे हे सुचायला त्या माणसाचा धंदा कळावा लागतो.

दुष्काळातूनही गाव तगले. ते पडले ते १९३० नंतरच्या दशकात. घरे ओलसर होती, अंधारी होती, सांडपाण्याची सोय नव्हती, रोगराई होती. नगरपालिकेने ती सगळी पाडली आणि त्या जागी सरळ रेषेत नवी पक्की घरे बांधली. याबद्दल पुष्कळ हळहळ व्यक्त झाली आहे आणि आजही होते. मी मात्र या हळहळीत पूर्णपणे सामील होऊ शकत नाही. गवती छपरातून थेंब गळतो तेव्हा चित्रकाराला तो सुंदर दिसतो, खाली मूल झोपवणारीला तसा दिसत नाही. ज्यांनी कधी त्या घरात एक हिवाळा काढला नाही त्यांनी ती घरे जतन करावयास हवी होती असे म्हणणे फार सोपे आहे. तेथल्या माणसांना कोरडी जमीन आणि नळाचे पाणी मिळाले हे चांगलेच झाले. माझी तक्रार दुसरीच आहे. घरे पाडण्यापूर्वी त्या घरांतील माणसांना, ती काय जाणत होती, हे पुरेसे कोणी विचारले नाही. पाहायला मात्र खूप जण आले होते.

त्या पाहणाऱ्यांत दोन फ्रेंच स्त्रिया होत्या, मार्गरीत मेस्पुले आणि मादलेन मिन्यों. आल्बेर कान नावाच्या एका धनाढ्य फ्रेंच गृहस्थाने साऱ्या पृथ्वीचे एक रंगीत चित्रभांडार करावे असा संकल्प सोडला होता. त्याच्या वतीने या दोघी १९१३ च्या मे महिन्यात आयर्लंडला आल्या, आणि गॉलवेला येऊन त्यांनी क्लाडाची छायाचित्रे घेतली. आयर्लंडच्या सर्वांत जुन्या रंगीत छायाचित्रांत त्यांची गणना होते. त्या काळचे रंगीत छायाचित्र काचेवर उमटे आणि त्या काचेवर रंगवलेल्या स्टार्चच्या कणांचा थर असे. हा स्टार्च कशाचा? बटाट्याचा! ज्या पिकाने दगा दिल्यामुळे एका पिढीने जाळी गहाण टाकली, त्याच पिकाच्या पिठातून पुढच्या एका पिढीचे लाल घागरे आपल्यापर्यंत आले.

ती छायाचित्रे अप्रतिम आहेत यात शंकाच नाही. लाल घागरा घातलेली एक मुलगी गवती छपराच्या घरापुढे उभी आहे. तिच्या मागची पांढरी भिंत, पायाखालचे दगड, सारे काही काल टिपल्यासारखे ताजे. पण ती हलत नाही. हलली असती तर चित्र बिघडले असते; त्या काचेला उजेड पकडायला वेळ लागे, तेवढा वेळ तिला तसेच उभे राहणे भाग होते. ही छायाचित्रे पाहताना मला सारखे वाटते, हिला कोणी विचारले असेल का की त्या दिवशी हेरिंग काय भावाने गेले? तिच्या आईचे आणि शेजारणीचे भांडण कशावरून होते? राजाने कोणाच्या बाजूने निवाडा दिला? चित्रात तिचा घागरा राहिला.

घागऱ्यापेक्षाही अधिक दूर पोचली ती अंगठी. दोन हातांनी धरलेले हृदय आणि त्यावर मुकुट अशी घडण असलेली 'क्लाडा अंगठी' आज जगातल्या कोणत्याही मोठ्या शहरात मिळते. बदाम आत वळवून घातला की एक अर्थ, बाहेर वळवून घातला की दुसरा. तिची जन्मकथाही मोठी रंजक आहे. रिचर्ड जॉइस नावाच्या गॉलवेच्या एका तरुणाला समुद्रावर चाच्यांनी पकडून उत्तर आफ्रिकेत विकले, तेथे एका सोनाराच्या हाताखाली तो काम शिकला, १६८९ मध्ये राजा तिसऱ्या विल्यमच्या खटपटीने सुटून घरी आला आणि त्याने ही अंगठी घडवली, अशी ती कथा. क्लाडाच्या घरांतून ही अंगठी आईकडून मुलीकडे जात असे हे खरे. पण जॉइस हे घराणे तटाच्या आतले, व्यापाऱ्यांचे. क्लाडाच्या कोळ्याच्या हातून ती घडलेली नाही. आणि तिला 'क्लाडा अंगठी' म्हणण्याची रीत एकोणिसाव्या शतकात पडली. म्हणजे आज क्लाडा या नावाने जगाला जी एकच वस्तू ठाऊक आहे, ती शहरातल्या सोनाराची आहे. ज्यांनी खरोखर काही घडवले, ते चार प्रकारच्या नावा बांधणारे सुतार आणि शिवणारे शीडकरी, त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या अंगठीबरोबर प्रवास करीत नाही.

आता याच किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरून केरी परगण्यात जाऊ. डिंगल द्वीपकल्पाच्या टोकापलीकडे, डनक्विनच्या धक्क्यापासून काही मैल समुद्रात, 'ग्रेट ब्लास्केट' हे बेट आहे. लांबी जेमतेम पाच किलोमीटर, रुंदी एक किलोमीटरच्या आसपास. मुख्य भूमीकडे तोंड करून असलेल्या उतारावर वसलेले एकच गाव. १९१६ च्या सुमारास तेथे सर्वाधिक वस्ती होती, आणि ती होती १७६. आपल्या महाविद्यालयाच्या एका वर्गाच्या हजेरीपटावर याहून जास्त नावे असतील! बेटावर चर्च नव्हते, डॉक्टर नव्हता, दुकान नव्हते, दारूचा गुत्ता नव्हता. झाड म्हणावे असे झाड नव्हते. येथेही एक 'राजा' होता, आणि त्याचे राजकर्तव्य काय, तर होडी वल्हवत पलीकडे जाऊन टपाल आणणे.

होडी म्हणजे 'नेवोग'. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर कापड ताणलेले आणि डांबर फासलेले. इतकी हलकी की दोन-तीन माणसे ती पालथी करून डोक्यावर घेऊन चालू लागली की दुरून एखादा काळा किडा चढावरून जात असल्याचा भास व्हावा. या कापडी होडीतून ती माणसे अटलांटिकवर बांगडे पकडीत, शेवंडांसाठी पिंजरे टाकीत, बाजारहाट करीत, नवरी आणीत आणि प्रेतही पलीकडच्या दफनभूमीत नेत. खारवलेला बांगडा अमेरिकेला जाई. पहिल्या महायुद्धानंतर तो बाजार बसला. शेवंड घ्यायला फ्रेंच नावा येत. सरपण म्हणून डोंगरावरच्या दलदलीची माती कापून, वाळवून गाढवांच्या पाठीवरून घरी आणायची. आणि मधूनमधून समुद्र एखादे गलबत खडकावर आपटी, तेव्हा फळ्या, पिठाची पिंपे, नाही नाही त्या वस्तू किनाऱ्याला लागत. एकदा चहाच्या पेट्या वाहून आल्या. चहा काय असतो हे बेटावर कोणाला ठाऊक नव्हते. एका बाईने तो उकळून त्यात आपले घागरे रंगवले.

ही चहाची गोष्ट मला कशी कळली? हाच तर मुद्दा आहे. ती कोणा प्रवाशाने टिपलेली नाही. बेटावरच्याच एका कोळ्याने ती लिहून ठेवली. त्याचे नाव टोमास ओ क्रिहिन. इंग्रजीत त्याला ओ'क्रोहन म्हणतात. जन्म १८५६ च्या सुमाराचा, मृत्यू १९३७ मधला. शाळेत जे शिकला ते इंग्रजी. स्वतःची आयरिश भाषा वाचायला तो मोठेपणी शिकला, आणि तेही कसे, तर वादळामुळे पलीकडच्या किनाऱ्यावर अडकून पडावे लागे तेव्हा तेथल्या मुलांच्या क्रमिक पुस्तकांतून. १९०७ मध्ये कार्ल मार्स्ट्रांडर हा नॉर्वेजियन भाषापंडित आयरिश शिकायला बेटावर आला आणि या कोळ्याचा शिष्य झाला. मग १९१० मध्ये ब्रिटिश म्युझियममधला रॉबिन फ्लॉवर आला. पण लिहिण्याची गळ घातली ती १९१७ मध्ये आलेल्या ब्रायन केली या गृहस्थाने. टोमास तयार होईना. आपल्यासारख्या माणसाचे आयुष्य पुस्तकात घालण्याजोगे असते यावर त्याचा विश्वास बसेना. तेव्हा केलीने त्याला पिएर लोतीची आइसलँडच्या समुद्रावर जाणाऱ्या फ्रेंच कोळ्यांवरची कादंबरी वाचून दाखवली, गॉर्की वाचून दाखवला. साठीच्या घरातला हा माणूस ते ऐकून लिहायला बसला. १९२८ मध्ये त्याचे दैनंदिनीवजा टिपणांचे पुस्तक आले, आणि १९२९ मध्ये 'अन तिलानाख' म्हणजे 'बेटकरी' हे आत्मचरित्र.

लोकांना वाटते, असे पुस्तक म्हणजे वादळे, शोक आणि धीरोदात्त म्हातारे. हे सारे त्यात आहे. टोमासची कित्येक मुले त्याच्या डोळ्यांदेखत गेली. एक कड्यावरून पडून, एक बुडणाऱ्या मुलीला वाचवताना. पण ते तो मोजक्या ओळींत सांगतो आणि पुढच्या कामाला लागतो. रेंगाळतो तो दुसऱ्याच गोष्टींवर. बाजाराच्या दिवशी डिंगलला जाऊन केलेली मौज. एक दिवस तो सरपणाची माती कापायला डोंगरावर जातो तर बेटावरचा कवी येऊन शेजारी पसरतो आणि आपली कविता ऐकवतो; ऐकवतो ती ऐकवतो, वर ती कागदावर उतरवून घ्यायला लावतो. कामाचा दिवस बुडतो. पण कवीला नाही म्हणावे तर तो आपल्यावरच विडंबन रचील ही धास्ती! (महाविद्यालयीन नियतकालिकाच्या कोणत्याही संपादकाला हा प्रसंग परका वाटू नये.) क्लाडाच्या त्या सुंदर छायाचित्रांत असा एक कंटाळवाणा कवी नाही, असा एक वाया गेलेला दिवस नाही.

टोमासनंतर १९३३ मध्ये मॉरिस ओ'सलिव्हन या तरुणाचे पुस्तक निघाले. त्याच्या इंग्रजी अनुवादाला ई. एम. फॉर्स्टर यांनी प्रास्ताविक लिहिले, ज्यांना आपण 'ए पॅसेज टु इंडिया'मुळे ओळखतो ते हेच. १९३६ मध्ये पेग सेयर्स या बाईचे आत्मकथन आले. तिने ते स्वतः लिहिले नाही, मुलाला सांगितले आणि त्याने उतरवून घेतले. ती मूळची डनक्विनची, ठरवून केलेल्या लग्नाने बेटावर आलेली. त्याआधी अमेरिकेला जायचे तिच्या मनात होते, मैत्रीण तिकिटाचे पैसे पाठवणार होती, ते काही आले नाहीत. संध्याकाळी तिच्या चुलीभोवती बेट जमे, आणि तिच्या मुखातून लोककथा संग्राहकांनी शेकडो गोष्टी टिपून घेतल्या. दीडशे-पावणेदोनशे वस्तीच्या एका गावाने एका पिढीत अशी तीन पुस्तके दिली!

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ब्लास्केटवाले तरी आपणहून कोठे लिहू लागले? तेथेही नॉर्वेजियन आला, इंग्रज आला, शहरी गृहस्थ आला. त्यांनी टोचले तेव्हा ही पुस्तके निघाली. शिवाय जे छापले गेले तेही जसेच्या तसे नव्हे. टोमासच्या पुस्तकातले काही रांगडे प्रसंग संपादकाने गाळले, आणि संपूर्ण आवृत्ती निघायला २००२ साल उजाडले. पेगचे तर त्याहून वाईट झाले. तिचे पुस्तक आयर्लंडच्या शाळांत अनेक दशके नेमले गेले. सोसणारी, देवभक्त, शोकाकुल म्हातारी म्हणून ती मुलांच्या माथी मारली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी तिचा मनापासून तिरस्कार केला. गोष्टी सांगून साऱ्या बेटाला हसवणारी बाई परीक्षेच्या पेपरातली रड होऊन बसली. या सगळ्या भाबड्या भक्तीची फ्लॅन ओ'ब्रायन या लेखकाने १९४१ मध्ये आयरिशमध्येच एक जहाल विडंबन लिहून रेवडी उडवली, आणि ती उडायलाच हवी होती.

हे सारे मान्य करूनही मला दोन गावांतला फरक मोठा वाटतो. क्लाडाला आलेले पाहुणे पाहायला आले. ब्लास्केटला आलेले शिकायला आले. मार्स्ट्रांडर कोळ्यापुढे विद्यार्थी होऊन बसला. केलीने टोमासला, तू चित्रात छान दिसतोस, असे सांगितले नाही. दुसऱ्या देशातल्या कोळ्यांविषयी लिहिलेले त्याला ऐकवले आणि निर्णय त्याच्यावर सोडला. आणि भाषा त्याचीच राहिली. वल्ह्याच्या खुंटीपासून लाटेच्या प्रकारापर्यंत प्रत्येक गोष्टीला तिचे नाव असलेली ती भाषा होती. संपादकाने गाळलेले पुन्हा घालता येते, कारण हस्तलिखित शिल्लक राहते. जे कधी विचारलेच गेले नाही ते कोठून घालणार? क्लाडात हौशी मंडळी आता जुन्या धर्तीच्या नावा पुन्हा बांधताहेत, तांबूस शिडे पुन्हा खाडीत दिसतात; याचा मला आनंद आहे, अंगठीपेक्षा किती तरी अधिक आनंद आहे. लाकूड हाती धरून शिकण्यासारखे दुसरे शिक्षण नाही. पण त्या नावेत बसून त्या बायका नवऱ्यांना काय बोलत, हे लाकडाला सांगता येत नाही.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. लोकसाहित्य हा विषय आपल्यापैकी काही जण घेतात, संकलनासाठी वह्या घेऊन बाहेर पडतात आणि गाणी व कहाण्या उतरवून आणतात. तो उपक्रम मोलाचा आहे. तरी मला वाटते, गाणे उतरवून घेणारा पुष्कळदा छायाचित्रकारासारखाच वागतो: माणसाला क्षणभर स्तब्ध उभे करतो, सुंदर ते घेतो आणि निघतो. टोमासच्या पुस्तकात गाणीही आहेत, पण त्यांच्याभोवती भाव, उधारी, भांडणे, थापा, चुकलेले अंदाज आणि बुडालेले रोज आहेत, म्हणून ती गाणी कोणाची हे कळते. आपल्या वहीत उधारीसाठी एक रकाना असावा, एवढेच माझे म्हणणे. गुरुजन यावर हसतील. हसोत.

बेटाचा शेवट पुस्तकांनी टळला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरुण माणसे अमेरिकेला, विशेषतः मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड या गावी, एकापाठोपाठ एक गेली. १९४१ मध्ये मुले उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली. पेगही १९४२ मध्ये बेट सोडून पलीकडे आली. १९४६-४७ च्या हिवाळ्यात एक तरुण आजारी पडला. समुद्र इतका खवळलेला की डॉक्टर आणता येईना, आणि तो गेला. पुढच्या एप्रिलमध्ये वादळात अडकलेल्या बेटाने पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना तार केली की खायला काही नाही. त्या उन्हाळ्यात डी व्हॅलेरा स्वतः येऊन पाहून गेले. निर्णयाला आणखी सहा वर्षे लागली. १९५३ च्या नोव्हेंबरच्या १७ तारखेला सरकारने बेट रिकामे करायला घेतले, तेव्हा तेथे बावीस माणसे उरली होती. त्यांची नवी घरे पलीकडच्या किनाऱ्यावर होती.

मुख्य भूमीवर डनक्विनला १९९३ पासून या बेटाच्या आठवणींचे एक मोठे केंद्र आहे, पुस्तके आहेत, हस्तलिखिते आहेत. बेटावर बिनछपरांच्या भिंती आहेत, आणि टोमासचे घर आता पुन्हा उभे केले आहे. उन्हाळ्यात प्रवासी होडीने येतात आणि संध्याकाळी परत जातात. २०२० च्या आरंभी बेटावरच्या प्रवाशांची व्यवस्था पाहायला व चहा-कॉफी द्यायला उन्हाळ्यापुरती दोन माणसे हवीत अशी जाहिरात निघाली. वीज नाही, राहणे साधे, अशा अटी स्पष्ट लिहिल्या होत्या. जगाच्या कानाकोपऱ्यांतून हजारो अर्ज आले.